चार्ल्स ईम्सची लाउंज खुर्ची एवढी महाग का? आणि फर्निचर करणारा माणूस फिल्म कशाला काढत बसला?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते. ही खुर्ची एकट्या चार्ल्स ईम्सची नाही, चार्ल्स आणि रे ईम्स या दोघा अमेरिकी डिझायनर नवरा-बायकोची आहे. १९४१ साली लग्न करून दोघं लॉस एंजेलिसला आले आणि १९७८ मध्ये चार्ल्स जाईपर्यंत त्यांच्या ऑफिसातून जे काही बाहेर पडलं, त्यात रे यांचा हात होता.

किमतीचं थोडक्यात सांगते. साच्यात दाबून वळवलेल्या प्लायची तीन कवचं, त्यांवर कातड्याच्या गाद्या, आणि लाकूड नि धातू यांच्यामध्ये रबर, त्यामुळे टेकल्यावर पाठ किंचित लवते. १९५६ पासून हर्मन मिलर ही अमेरिकी फर्निचर कंपनी ती बनवतेय, युरोपात व्हिट्रा कंपनी. त्यातलं बरंच काम आजही हातानं होतं.

आता मूळ मुद्दा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझा विषय होता वाकवलेलं प्लाय. हे दोघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये, सायकलच्या पंपानं हवा भरून त्या दाबानं प्लाय वाकवायचं यंत्र स्वतः जुळवून बसले होते. त्यातूनच १९४२ मध्ये अमेरिकी नौदलासाठी जखमी पायाला बांधायची स्प्लिंट तयार झाली. प्लाय एका दिशेला गुमान वळतं, दोन्ही दिशांना वळवायला गेलं की तडकतं. त्यांनी नेमक्या जागी फटी ठेवल्या, म्हणून टाचेपाशी ते वाटीसारखं वळलं. वर्कशॉपमधल्या सुतारकाकांना हाताशी धरून, विनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे, थर चिकटवून मी तिची प्रतिकृती केली होती. आमचं काम तपासायला ज्युरी म्हणून आलेले एक ज्येष्ठ आर्किटेक्ट माझ्या शीटसमोर थांबले, खिशातून पेन काढलं आणि शीर्षकातलं ‘आणि रे’ खोडलं. म्हणाले, “त्या मिसेस. कुशनची कापडं निवडायच्या.”

मी सांगितलं, सर, रे न्यूयॉर्कमध्ये चित्रकार हान्स हॉफमन यांच्याकडे कित्येक वर्षं चित्रकला शिकल्या. याच स्प्लिंटचं प्लाय कापून त्यांनी शिल्पं केली. खुर्चीच्या पाठीचा तो आकार कुठल्या हातातून आला, हे ती शिल्पं पाहिली की कळतं. सर म्हणाले, “भावनिक होऊ नका.” बाकीचे ज्युरी शीट बघत राहिले.

सर एकटेच तसे नव्हते, हेही खरं. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं या फर्निचरचं प्रदर्शन भरवलं, त्याच्या नावात फक्त चार्ल्स. १९५६ मध्ये लाउंज खुर्ची टीव्हीवर पहिल्यांदा दाखवली, तेव्हाही आधी चार्ल्सना बोलावलं आणि मग रे यांची ओळख करून दिली ती यशस्वी पुरुषाच्या मागे उभी असलेली स्त्री म्हणून. आज मी आणि माझा नवरा मिळून फर्निचरचं वर्कशॉप चालवतो. प्लायच्या जाडीबद्दल गिऱ्हाईक त्याला विचारतं आणि कापडाचे नमुने माझ्याकडे सरकवतं. साचे मी काढते.

फिल्मचं म्हणाल तर तो फावल्या वेळचा छंद नव्हता. शंभराहून अधिक फिल्म केल्या त्यांनी. लाउंज खुर्चीचीही एक छोटी फिल्म आहे, त्यात एक माणूस ती भराभर जोडून दाखवतो. वस्तू सुटी करून बघायची आणि बघता बघता समजून घ्यायची, ही त्यांची कामाची रीतच होती. ‘पॉवर्स ऑफ टेन’ (१९७७) सगळे सुचवतात: शिकागोतल्या तळ्याकाठच्या सहलीपासून दर दहा सेकंदांनी दहापट लांब जात आकाशगंगांपलीकडे, आणि मग परत येऊन थेट अणूच्या आत. बघाच. पण मला विचाराल तर आधी ‘टॉप्स’ (१९६९) बघा. देशोदेशीचे भोवरे, एल्मर बर्नस्टाइन यांचं संगीत, निवेदनाचा एक शब्द नाही. दोरी गुंडाळणारे हात असे टिपलेत की जाळीवर भोवरा घेतलेल्या कुणालाही ते लगेच ओळखू येतील.

आपल्याकडे तरी चार्ल्सचंच नाव घ्यायला काही निमित्त नाही. १९५८ चा ‘इंडिया रिपोर्ट’, म्हणजे भारतातल्या डिझाइनविषयीचा अहवाल, दोघांच्या नावानं आहे. भारत सरकारच्या बोलावण्यावरून दोघं इथं हिंडले, लोट्यावर भरभरून लिहिलं, आणि त्या अहवालामागोमाग १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या सरांच्या भाषणांत या संस्थेचा उल्लेख हमखास असतो.

हो, ऑफिसातल्या इतरांचंही देणं आहेच. हॅरी बर्टोया सुरुवातीच्या खुर्च्यांवर राबले आणि श्रेय मिळेना म्हणून निघून गेले. तो हिशेब रे यांच्याकडूनही चुकता झालेला नाही.

खुर्ची घ्यायचीच असेल तर आधी बसून बघा. बैठक बुटकी आणि कायमची मागे कललेली असते, सरळ होत नाही. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर त्यांना उठताना हात द्यावा लागेल. आणि नक्कल विकणारा दुकानदार “चार्ल्स ईम्सचं डिझाइन” म्हणाला, तर त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करा.