'काझिमिएर्झ डॉल्नी' की 'काझिमिएर्झ खुर्द'? एका पोलिश गावाच्या नावाबद्दल

प्रश्न असा होता की पोलंडमधल्या या छोट्या गावावर प्रवासवर्णन लिहायचंय, तर नाव मराठीत 'काझिमिएर्झ डॉल्नी' लिहावं का, आणि 'डॉल्नी' म्हणजे 'लहान' असेल तर आपल्यासारखं 'खुर्द' म्हटलं तर चालेल का.

खुर्द अजिबात नको, आणि डॉल्नीही नको, 'काझिम्येश दोल्नी' लिहा, उच्चाराचं पुढे येईलच. खुर्द-बुद्रुक हे फारसीतून आलेले शब्द, लहान आणि मोठं एवढाच त्यांचा अर्थ. दोल्नी म्हणजे 'खालचा', आणि इथे खालचा म्हणजे नदीच्या प्रवाहात खाली. विस्वा नदीवर (इंग्रजीत व्हिस्तुला) काझिम्येश नावाच्या दोन वस्त्या आहेत, एक क्राकूफला (इंग्रजीत क्राकोव), जी आता त्या शहराचा भागच झालीय, आणि दुसरी हे गाव, प्रवाहात बरंच पुढे, लुब्लिनच्या पश्चिमेला, नदीच्या उजव्या काठावर. म्हणून हे खालचं. आपल्याकडे अप्पर वर्धा आणि लोअर वर्धा धरणं आहेत ना, सरकारी भाषेत ऊर्ध्व वर्धा आणि निम्न वर्धा, अगदी तोच हिशोब. तुम्ही लिहिलंय की नकाशात तर हे गाव क्राकूफच्या वर दिसतं, मग खालचं कसं, तर विस्वा वाहते उत्तरेकडे, बाल्टिक समुद्राकडे, त्यामुळे नकाशात वर तेच नदीच्या हिशोबाने खाली.

अजून एक गल्लत सर्रास होते, ती तुमच्या लेखात यायला नको. दोन्ही वस्त्या एकाच राजाच्या नावाच्या नाहीत. क्राकूफची वस्ती 1335 मध्ये काझिम्येश तिसरा, ज्याला 'महान' म्हणतात, त्याने वसवली. या गावाचं नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या काझिम्येश दुसऱ्यावरून पडलं असं सांगतात. तेव्हा वस्तीचं नाव होतं व्येत्श्ना गुरा, म्हणजे वाऱ्याचा डोंगर. ती त्याने बाराव्या शतकात क्राकूफजवळच्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठाला दान दिली आणि त्यांनी दात्याचं नाव गावाला दिलं.

आता नदीवरून नाव पडलं यात एवढं काय, असं वाटेल, पण या गावाचं पोटच नदीवर होतं हो! सोळाव्या-सतराव्या शतकात आजूबाजूचं धान्य इथे यायचं, चुनखडीच्या दगडाच्या मोठमोठ्या कोठारांत भरायचं आणि सपाट बुडाच्या बोटींतून खाली ग्दान्स्क बंदराला जायचं, तिथून पश्चिम युरोपात. काही कोठारं आजही काठावर उभी आहेत, एकात म्युझियम आहे. चौकात प्शिबिवा भावांची 1615 ची जोडघरं आहेत, भिंती खालपासून वरपर्यंत कोरीवकामाने भरलेल्या, आणि दोघांनी आपापल्या नावाचे संत कोरून घेतलेत, मिकोवाय आणि ख्शिश्तोफ. हा ख्शिश्तोफ म्हणजे सेंट ख्रिस्तोफर, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा, नदीच्या व्यापारावर मोठ्या झालेल्या गावात तो असणारच. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यात स्वीडिश सैन्याने धुळधाण केली आणि ते वैभव परत आलं नाही. रशियन अमलात तर 1869 मध्ये शहराचा दर्जाही गेला, तो 1927 ला परत मिळाला.

उच्चाराचं बघू. शेवटी जे 'आर-झेड' दिसतं तो पोलिशमध्ये एकच आवाज आहे आणि शब्दाच्या शेवटी तो 'श'च्या जवळ जातो, म्हणून काझिम्येश. 'एर्झ' हा उच्चार कोणीच करत नाही. 'द'पण आपला दातावरचा, म्हणून दोल्नी, डॉल्नी नको, इंग्रजीवाल्यांना हा 'द' जमत नाही पण आपल्याला तर तो आयताच मिळालाय, मग वापरा की. आणि गंमत म्हणजे पोलिशमध्येही आपल्यासारखं सामान्यरूप असतं, नाशिकचं नाशकात होतं तसं 'काझिम्येशमध्ये' म्हणायचं तर ते 'व काझिम्येझू' म्हणतात, म्हणजे शेवटी दबलेला 'झ' प्रत्यय लागला की परत वर येतो. तुम्ही मात्र मराठीत सरळ काझिम्येशला, काझिम्येशमध्ये असंच लिहा.

'दोल्नी' ज्या 'दूव'वरून आलाय, म्हणजे खड्डा, खालची जागा, तो शब्द गावाबाहेर परत भेटतो. तिथली जमीन लोएसची, वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पिवळसर मातीची, ती पाण्याने आणि गाडीवाटांनी कापली जाऊन खोल घळी तयार झाल्यात. त्यातल्या एकीचं नाव कोझेन्योवी दूव, मुळांचा खड्डा. दोन्ही बाजूंनी मातीच्या उभ्या भिंती आणि त्यातून झाडांची मुळं उघडी पडून लोंबतायत, नाव शब्दशः खरं आहे. प्रवासवर्णनात ही घळ घ्याच.

आणि तिसरं नाव विसरू नका, कुझमीर. यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, हे गाव कुझमीर, युद्धाआधी जवळपास निम्मं गाव ज्यूंचं होतं, हसिदी या ज्यू भक्तिपंथाची एक परंपराच कुझमीरच्या नावाने ओळखली जाते. नाझींनी 1942 मध्ये या लोकांना बेवझेत्सच्या छावणीत पाठवून मारलं, त्यांच्या कबरींचे दगड उपटून फरसबंदीला वापरले. नंतर त्याच तुकड्यांची एक भिंत गावाबाहेर उभारली, मधोमध मुद्दाम तडा ठेवून. तर ज्यू इतिहासाबद्दल लिहिताना जिथे कुझमीर येईल तिथे ते बदलून काझिम्येश करू नका, पहिल्यांदा कंसात खुलासा द्या आणि पुढे कुझमीरच ठेवा.