आधी सवलत कुठे लागू होते ते बघा, मग पसंतीक्रम भरा

इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या सीईटी या प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल हातात आले की वाचकांकडून येणाऱ्या बहुतेक प्रश्नांत एक वाक्य असतंच: "आधी ॲडमिशन पक्की करतो, शिष्यवृत्तीचं नंतर बघू." हा क्रम उलटा आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या सवलती गुणांइतक्याच प्रवेशाच्या मार्गावर अवलंबून असतात. तो मार्ग एकदा चुकला की नंतर कितीही अर्ज भरले तरी उपयोग होत नाही. या वेळी निवडलेले प्रश्न बरेचसे याच गाठीभोवतीचे आहेत.

प्रश्न : मुलाला एमएचटी-सीईटीत ९३ पर्सेंटाइल आहेत. कॅपच्या (सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत सोलापूरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. पुण्याच्या कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर मिळवून देतो, असं एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात. आम्ही खुल्या प्रवर्गातले आहोत, वार्षिक उत्पन्न पाच लाख. शिष्यवृत्तीचा फॉर्म नंतर भरता येतो, असंही ते सांगतात. काय करावं? (बार्शीहून एक पालक)

फॉर्म भरता येईल, पैसे मिळणार नाहीत. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अजूनही सगळे तिला ईबीसी म्हणतात. तीत शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम सरकार भरतं. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच झालेला असावा लागतो. संस्थास्तरावरच्या, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातल्या मुलाला ती लागू नाही.

आकडे मांडून बघा. समजा, दोन्ही कॉलेजांचं शिक्षण शुल्क वर्षाला १,२०,००० रुपये आहे. कॅपच्या जागेवर तुमच्या वाट्याला ६०,००० येतात, कोट्याच्या जागेवर पूर्ण १,२०,०००. चार वर्षांत फरक २,४०,००० रुपयांचा. त्यात पुण्यातली खोली आणि मेस वेगळी. "वरचे" म्हणून जे मागितले जातील ते तर मी धरलेच नाहीत. पावतीशिवाय घेतलं जाणारं डोनेशन महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बेकायदा आहे. देणाऱ्याकडे पुरावा नसल्यामुळेच ते चालतं, आणि प्रवेश रद्द करायची वेळ आली की त्यातला एक रुपयाही परत येत नाही.

आणखी एक गोष्ट हे गृहस्थ सांगणार नाहीत. संस्थास्तरावरच्या जागाही कॉलेजने जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्ता यादी लावूनच भरायच्या असतात. तुम्ही थेट कॉलेजात जाऊन अर्ज करू शकता, मध्यस्थाची गरज नाही. कॉम्प्युटरचाच हट्ट असेल आणि ऐपत असेल, तर तसा अर्ज जरूर करा. पण तुमच्या उत्पन्नात, ९३ पर्सेंटाइलच्या मुलासाठी, मी कॅपची जागा हातची सोडली नसती. इलेक्ट्रॉनिक्सची मुलं सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत काही कमी दिसत नाहीत. शिवाय पुढच्या फेऱ्या बाकी आहेत. मिळालेली जागा तुमच्या पहिल्या तीन पसंतींतली नसेल, तर ती हातात ठेवून वरच्या पसंतीसाठी थांबता येतं. पहिल्या तीनांतली असेल तर हा पर्याय नाही. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मुलगी ओबीसी आहे, उत्पन्न साडेतीन लाख. सायबर कॅफेवाल्याने सांगितलं की ऑप्शन फॉर्ममध्ये (पसंतीक्रमाच्या अर्जात) सगळ्यात वर टीएफडब्ल्यूएसचे कोड टाका, फी माफ होते. तसं केलं तर साधं कॉलेज मिळून ती अडकणार नाही ना? (संगमनेर)

अडकू शकते. शंका रास्त आहे.

टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) म्हणजे मंजूर जागांच्या वर पाच टक्के जादा जागा. त्यांवर शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, प्रवर्ग कोणताही चालतो. जागा थोड्या आणि मागणारे फार, त्यामुळे एकाच कॉलेजात एकाच शाखेचा कटऑफ टीएफडब्ल्यूएसला बहुधा खुल्यापेक्षा वर जातो. गुणवत्तेवरची खरी शिष्यवृत्ती म्हणावी तर हीच. मात्र या जागेवरून पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. विकास शुल्क, परीक्षा शुल्क वगैरे भरावं लागतंच.

तुमच्या मुलीला याची फारशी गरजच नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट तीच: प्रवेश कॅपमधून हवा. म्हणजे ती साध्या जागेवर गेली तरी शिक्षण शुल्क शून्यच. मग माफीसाठी दुय्यम कॉलेजचा टीएफडब्ल्यूएस कोड वर कशाला चढवायचा? तिने कॉलेज आणि शाखा बघूनच क्रम लावावा.

क्रम महत्त्वाचा, कारण २०२५-२६ च्या प्रवेशापासून नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी कोणतीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही. चौथ्या फेरीत जे मिळेल ते. नाकारलं की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या सहांत "असू दे, काय बिघडतं" म्हणून एकही कोड टाकू नका. अर्ज भरण्याआधी त्या वर्षाचं सीईटी सेलचं माहितीपत्रक स्वतः वाचा. कॅफेवाल्याचं पाठांतर बहुधा गेल्या वर्षीचं असतं.

मुलगा असता, आणि खुल्या प्रवर्गातला, तर उत्तर वेगळं आलं असतं. त्याला ईबीसीत निम्मी सवलत आणि टीएफडब्ल्यूएसवर पूर्ण. त्याने आवडीच्या प्रत्येक कॉलेजात आधी टीएफडब्ल्यूएसचा कोड आणि लगेच खाली त्याच शाखेचा साधा कोड, अशा जोड्या लावाव्यात.

तुमच्यासाठी कागदांचंही सांगतो. नॉन क्रिमीलेअर दाखल्याची मुदत बघा, तो येत्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. जात पडताळणीचं काम अजून झालं नसेल तर हा मजकूर वाचणं थांबवून आधी ते हाती घ्या. दरवर्षी गुण असलेली मुलं या एका कागदापायी खुल्या प्रवर्गात ढकलली जातात.

आणि कॉलेजने "आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आल्यावर परत करू" असं सांगितलं, तर तोंडी वाद घालू नका. पात्र मुलींकडून ही रक्कम आधी घेऊ नये, अशा सरकारच्या सूचना आहेत. त्यांचा उल्लेख करून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की बऱ्याच खिडक्यांवरची भाषा मऊ होते.

प्रश्न : एका खासगी विद्यापीठाचं पत्र आलंय. बारावीच्या गुणांवर ५० टक्के मेरिट स्कॉलरशिप, पण सात दिवसांत पैसे भरले तरच. घ्यावी का? (कोल्हापूर)

सात दिवसांची घाई ही विक्रीची युक्ती आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा आणि पत्रातला बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. सवलत एकूण फीवर आहे की फक्त शिक्षण शुल्कावर? पहिल्याच वर्षी की चारही वर्षं? पुढे चालू राहण्यासाठी किती सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणीगुण) लागतो, आणि एखादा विषय राहिला तर काय? काही ठिकाणी आठच्या वर सीजीपीए टिकवावा लागतो. पहिल्या वर्षाच्या गणितात भल्याभल्यांचा तो खाली येतो आणि दुसऱ्या वर्षी घरी पूर्ण फीचं पत्र येतं. या प्रश्नांची उत्तरं ईमेलवर मागा, फोनवर नको.

दुसरी बाजू बघा. राजर्षी शाहू योजना आणि मुलींची शंभर टक्के माफी, दोन्हींतून अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं वगळलेली आहेत. म्हणजे तुलना "पन्नास टक्के सूट विरुद्ध काहीच नाही" अशी नसून "अडीच-तीन लाखांवर पन्नास टक्के विरुद्ध सव्वा लाखावर पन्नास किंवा शंभर टक्के" अशी आहे. तरीही तिथला अभ्यासक्रम खरोखर वेगळा असेल, दुसरीकडे मिळतच नसेल, तर जावं. सवलतीसाठी म्हणून जाऊ नये.

प्रश्न : मुलीला बारावी विज्ञानला ८८ टक्के आहेत, बीएस्सी करायचं आहे. साध्या पदवीला काही मिळतं का? (रत्नागिरी)

मिळतं, आणि फार लोक विचारत नाहीत. केंद्राच्या पीएम-यूएसपी योजनेत पदवीची तीन वर्षं दरवर्षी १२,००० रुपये आहेत. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं आणि मंडळाच्या यादीत ८० पर्सेंटाइलच्या वर असायला हवं. हे ८० टक्के गुण नव्हेत, तर शाखेतल्या ८० टक्के मुलांच्या पुढे असणं; तुमच्या मुलीच्या शाखेत किती गुणांना ते येतात ते मंडळ ठरवतं. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. मूलभूत विज्ञान घेणार असेल आणि मंडळात वरच्या एक टक्क्यात असेल तर केंद्राचीच इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे: वर्षाला ८०,०००, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. ८८ टक्क्यांना ते कठीण दिसतं, पण मंडळाचा कटऑफ बघितल्याशिवाय सोडू नका.

प्रश्न : मुलाला अमेरिकेतून दोन होकार आले आहेत. एका सरकारी विद्यापीठाचा एकूण वार्षिक खर्च ५५,००० डॉलर, मेरिट १५,०००. एका छोट्या खासगी कॉलेजचा ७८,०००, मेरिट ३८,०००. म्हणजे दोन्हीकडे ४०,००० च पडणार. मोठी स्कॉलरशिप देणारं कॉलेज घ्यावं ना? (ठाणे)

पहिल्या वर्षी सारखंच, पुढे नाही. तिकडे फी बहुतेक दरवर्षी वाढते आणि मेरिटची रक्कम बहुतेक ठिकाणी चार वर्षं तेवढीच राहते. वाढ चार टक्के धरली तर चौथ्या वर्षी सरकारी विद्यापीठ सुमारे ४७,००० ला पडेल, खासगी कॉलेज ५०,००० च्या आसपास. चार वर्षांचा फरक साडेपाच हजार डॉलरपेक्षा थोडा जास्त. एवढ्या खर्चात तो निर्णायक नाही, म्हणून निवड विषय आणि इंटर्नशिपच्या संधी बघून करा. मात्र ३८,००० चा आकडा मोठा दिसतो म्हणून भुलू नका. किती मिळतात यापेक्षा किती भरायचे हे बघायचं.

खासगी कॉलेजला नम्रपणे पत्र लिहून रक्कम वाढते का विचारायला हरकत नाही. दुसऱ्या विद्यापीठाचं पत्र सोबत जोडा. कधी दोन-चार हजार वाढतात, कधी नाही, पण विचारल्यामुळे होकार कुणी मागे घेत नाही. उत्तर द्यायची नेहमीची तारीख १ मे. दोन्हीकडे डिपॉझिट भरून ठेवू नका, ते नियमबाह्य मानलं जातं. आणि आय-२० साठी (विद्यार्थी व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या कागदासाठी) किमान पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची तजवीज बँकेच्या कागदांवर दाखवावी लागते, तेव्हा कर्जमंजुरीच्या कामाला आजच लागा.

एक नातेवाईक "हार्वर्डने मेरिट का दिलं नाही" असं विचारतात, तेही तुम्ही लिहिलंय. हार्वर्डसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं गुणांवर शिष्यवृत्ती देतच नाहीत, फक्त आर्थिक गरज बघून मदत करतात. नातेवाइकांना तसं सांगा.

प्रश्न : महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज मंजूर दिसतोय, पण खात्यात पैसे नाहीत. (जालना)

फॉर्मवर कोणतं खातं लिहिलंय त्याने फरक पडत नाही. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि खाती अनेक असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात. कधीतरी मोबाइलवरून उघडलेलं एखादं खातं आहे का, ते मुलाला विचारा. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. त्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. तिथेही नसेल तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे अर्ज क्रमांक घेऊन जा.