गोल्फ खेळताना बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ: काय ठेवायचं, काय काढायचं?

प्रश्न: ताई, मी 41 वर्षांची, पुण्यात राहते. नवऱ्याच्या नादाने चार महिन्यांपासून गोल्फ शिकतेय आणि आता खरंच वेड लागलंय. पण कोच सारखं म्हणतात अंगावरचं सगळं काढून येत जा, आणि घरी सासूबाईंना भुंडे हात नि ओकाबोका गळा अजिबात चालत नाही. खरं सांगायचं तर मलाही आवडत नाही. त्यात डाव्या हातातली अंगठी ग्लव्हच्या आत टोचते. काय करू?

उत्तर: ताई, सगळं काढायची गरजच नाही. गोल्फच्या नियमांत दागिन्यांवर बंदी नाही, क्लबचा ड्रेसकोड असतो तो बहुतेक ठिकाणी कॉलरवाला टीशर्ट हवा, जीन्स नको, एवढ्यापुरता. मी प्रत्येक वस्तूला तीनच गोष्टी विचारते: ती हात आणि क्लबच्या (म्हणजे खेळायच्या काठीच्या) मध्ये येते का, हलते का आणि वाजते का.

पहिली अंगठी, कारण ती थेट हात आणि क्लबच्या मध्येच येते. उजव्या हाताने खेळणाऱ्यांची पकड मुख्यतः डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत असते आणि आपली लग्नाची अंगठी बरोबर त्यातल्याच अनामिकेत. म्हणजे प्रत्येक शॉटला तिच्यावर दाब, बोटाला वळ, आणि खडा असेल तर ग्लव्हचं चामडं आतून फाटतं ते वेगळंच. शिवाय 18 होलचा पूर्ण खेळ म्हणजे चार-साडेचार तास, चालत खेळलात तर साधारण 8-10 किलोमीटर, एप्रिल-मेच्या उन्हात बोटं सुजतात आणि मग अंगठी साबण लावूनही निघत नाही. घरीच काढून ठेवा. कोर्सवर काढावी लागली तर बॅगेच्या चेनवाल्या कप्प्यात, पँटच्या खिशात कधीच नाही, टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) काढताना अंगठीही बाहेर येते आणि गवतात गेली की गेली.

बांगड्या पण काढा, हे जरा जीवावर येईल माहितीये. बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे नेताना, मनगट वळतं तेव्हा बांगडी हातावर रुतते नाहीतर ग्लव्हच्या वेल्क्रोत अडकते, आणि काचेची फुटली तर मनगटालाच. पण मला त्याहून मोठा प्रश्न आवाजाचा वाटतो. मी नवीन होते तेव्हा हातात दोन हिरव्या बांगड्या ठेवल्या होत्या, जोडीदार बाई पुटला (चेंडू हळूच होलमध्ये ढकलायला) उभ्या राहिल्या आणि मी नुसता हात हलवला, त्या थांबल्या, परत पहिल्यापासून उभ्या राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत, मला मात्र फार वाईट वाटलं आणि त्या दिवसापासून बांगड्या गाडीत ठेवते. सासूबाईंना एकदा रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, घेऊन जा आणि बांगड्या घालून एक, न घालता एक असे दोन स्विंग दाखवा. डोळ्यांनी बघितलं की पटतं.

मंगळसूत्र मात्र खुशाल ठेवा, फक्त आखूड हवं आणि टीशर्टच्या आत. लांब असेल तर पुटिंगला वाकलं की वाट्या नेमक्या नजरेसमोर झुलतात. हल्ली मनगटात घालायचं ब्रेसलेट मंगळसूत्र निघालंय ते इथे नको, नको त्याच जागी येतं. कानात झुमके नकोत, डावा खांदा हनुवटीखाली येतो तेव्हा ते खांद्याला लागतात. कुड्या, छोटे टॉप्स, चमकी, टिकली, पैंजण न वाजणारे असतील तर तेही, सगळं चालतं.

आणि नटून खेळणं यात वावगं काहीच नाही हो. अमेरिकन गोल्फर पेन स्ट्युअर्ट नेहमी गुडघ्यापर्यंतची पँट, लांब मोजे आणि चपटी टोपी घालून खेळायचे, पण 1999 च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी पाइनहर्स्टला रेनजॅकेटच्या बाह्या स्विंगला आड यायला लागल्या तेव्हा त्यांनी कात्रीने बाह्याच कापून टाकल्या, आणि ती स्पर्धा एका स्ट्रोकने (फटक्याने) जिंकले.

प्रश्न: क्लबच्या टूर्नामेंटमध्ये स्मार्टवॉच घालून खेळलं तर चालतं का? (नाशिकचे एक वाचक)

उत्तर: चालतं. 2019 च्या नियमांपासून अंतर मोजायला परवानगी आहे, तुमच्या क्लबने लोकल रूल करून बंदी घातली नसेल तर. पण चढ-उताराचा हिशोब, कोर्सवर मोजलेला वाऱ्याचा वेग किंवा कुठला क्लब घ्या असा सल्ला घड्याळाकडून घेतला तर स्ट्रोक प्लेला (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) 2 स्ट्रोकची पेनल्टी, दुसऱ्यांदा घेतला तर थेट बाद. तेव्हा ही फीचर्स आदल्या रात्रीच बंद करा, पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, गडबडीत सेटिंग सापडत नाही. बाकी बरेच प्रो घड्याळ खेळताना काढतात आणि ट्रॉफी घेताना घालतात, कारण मनगट वर वळलं की घड्याळाची कड हातात रुतते. तुम्हाला तसं होत असेल तर पट्टा बॅगेला बांधा, अंतर तिथेही दिसतंच.