'फेम' हा इंग्रजी शब्द आला कुठून? मराठीत त्याचा कुणी नातलग आहे का?

आहे, आणि तो आपण दिवसभर वापरतो: म्हणणे.

'फेम' इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, साधारण तेराव्या शतकात. फ्रेंचमध्ये आला लॅटिन 'फामा'वरून. या फामाला चांगल्या-वाइटाचं सोयरसुतक नव्हतं. लोकांच्या तोंडी जे काही असेल ते, म्हणजे नावलौकिकही आणि कंड्याही. रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात फामा चक्क राक्षसी आहे. अंगावर जितकी पिसं, तितके डोळे आणि तितक्याच जिभा; राणी डिडो आणि नायक इनिअसच्या प्रेमप्रकरणाचा बोभाटा तीच करते. इंग्रजीतही कुंटणखान्याला 'हाउस ऑफ इल फेम' म्हणत, ते याच जुन्या अर्थाने.

फामाच्या मागे क्रियापद आहे 'फारी', म्हणजे बोलणे. इन्फमस आणि डिफेम ही त्याची उघड पिलावळ. पण फेबल म्हणजे सांगितलेली गोष्ट, फेट म्हणजे देवांनी बोलून ठेवलेलं, हीसुद्धा त्याच घरातली. माझा आवडता शब्द इन्फन्ट: ज्याला अजून बोलता येत नाही तो.

आता आपल्याकडे येऊ. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या सामाईक पूर्वज भाषेतला मूळचा 'भ' लॅटिनमध्ये 'फ' होतो, जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरे) 'ब' आणि संस्कृतात 'भ'च राहतो. भ्राता, फ्रातेर, ब्रदर हे त्रिकूट पाहा. त्याच हिशेबाने इंग्रजी 'बॅन' (आधी दवंडी, मग मनाई) आणि संस्कृत 'भण्' हे फामाचे भाऊबंद ठरतात. भणति, प्राकृतात भणइ, मराठीत म्हणणे. आपली 'म्हण'ही तिथलीच.

फॅमिन आणि फॅमिलीला मात्र यात ओढू नका. पहिल्याचं मूळ भूक, दुसऱ्याचं घरचा नोकर. प्रभा-आभामधला 'भा' चमकण्याचा. तो धातू वेगळा मानतात, कीर्ती कितीही झळकत असली तरी.

ऋग्वेदात कीर्तीसाठी जो शब्द येतो, 'श्रवस्', तो उलट ऐकण्यावरून आलाय. ग्रीक महाकवी होमरचा 'क्लेओस' त्याचा सख्खा भाऊ. वेदातलं 'अक्षित श्रव' आणि होमरचं 'क्लेओस आफ्थितोन', दोन्हींचा अर्थ न सरणारी कीर्ती; हे साम्य जर्मन भाषाभ्यासक आडालबर्ट कून यांनी 1853 मध्ये दाखवलं. त्या ऐकण्याच्या धातूचा इंग्रजीतला वारस म्हणजे 'लाउड'.