पत्त्याला हात न लावता चीटिंग कसं होतंय?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या घरात पंधरा दिवस झाले एकच वाद चाललाय. मेव्हणा दिवसभर मोबाइलवर पोकरचे व्हिडिओ बघतो, तो म्हणतो फिल आयव्ही जगातला एक नंबर खेळाडू, कॅसिनोवाल्यांनी हरल्यावर त्याचे पैसे बुडवले आणि वर त्यालाच चीटर ठरवलं. बाबा म्हणतात कोर्टानं सांगितलं म्हणजे चोरच. पण त्यानं पत्त्याला हातसुद्धा लावला नव्हता म्हणे, मग चीटिंग कसं काय ओ? जरा इस्कटून सांगा की.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : दादा, मेव्हण्याचं अर्धं बरोबर आहे. आयव्ही पोकरमधला खरंच मोठा माणूस, आणि ही भानगड पोकरची नव्हेच. २०१२ च्या ऑगस्टात लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत तो पुंटो बँको खेळत होता, बॅकाराचाच एक प्रकार. मुख्यतः प्लेयर की बँकर ह्यावर पैसे लावायचे, ज्याच्या पानांची बेरीज ९ च्या जवळ तो जिंकला, आपल्याकडच्या अंदर-बाहरसारखा निव्वळ नशिबाचा डाव. दोन दिवसांत त्यानं सुमारे ७७ लाख पौंड जिंकले, कॅसिनोनं त्याचे स्वतःचे १० लाख परत केले पण जिंकलेले दिले नाहीत, म्हणून त्यानंच केस टाकली.

आता हात न लावता काय केलं ते बघा. घरात पत्त्याचा कॅट असेल, पाठीला पांढरी कड नसलेला, नक्षी थेट काठापर्यंत गेलेला, तर त्यातलं एक पान उजेडात धरा आणि लांब बाजूचे दोन्ही काठ नीट बघा. कापताना पान जरा सरकलेलं असलं तर एका काठाला नक्षीतला चौकोन जवळजवळ पूर्ण दिसतो आणि दुसऱ्या काठाला अर्धाच राहिलेला असतो. हा फरक एकदा डोळ्यात बसला की बसला. आयव्हीबरोबर एक बाई होती, तिची नजर ह्यात तयार. तिनं पानं वाटणाऱ्या मुलीला सांगितलं की ही पानं आमच्यासाठी लकी आहेत, ती अशी फिरवून ठेव. त्या मुलीला वाटलं असते एकेकाची श्रद्धा, तिनं फिरवली. फिरवलेली पानं होती ७, ८, ९, म्हणजे ह्या खेळातली सगळ्यात कामाची, आणि आता त्यांचा काठ बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसायचा. मग आयव्ही म्हणाला आज नशीब चांगलंय, हाच कॅट परत वापरा, आणि पिसायला मशीन, कारण हातानं पिसलं तर पानं उलटसुलट होतात आणि सगळी मेहनत वाया. त्यानंतर पानं वाटायच्या डब्यातनं पहिलं यायचं पान मोठं की लहान हे त्याला पैसे लावायच्या आधीच काठावरनं कळत होतं.

हे वाचताना मला शहापुरातला आमचा गणपतीचा मंडप आठवला. मी बारा-तेरा वर्षांचा असेन, रात्री जागायला बसलो की तीन पत्ती सुरू व्हायची, आणि आमच्यातला एक जण एक्क्याच्या कोपऱ्याला हळूच नख लावून ठेवायचा. पकडला तेव्हा तो म्हणाला, मी कुणाचं पान बघितलंय काय? मंडळातल्या एका काकांनी माझं बोट धरून त्या कोपऱ्यावरनं फिरवलं, एवढासा चर होता पण हाताला लागत होता. काका त्याला एवढंच म्हणाले, आता तू बस बाजूला. आयव्हीनं नख लावलं नाही, कापतानाची चूक वापरली, पण पान फिरवून घेतलं ना, आणि तेही दुसऱ्याच्या हातानं, खोटं कारण सांगून. मला सगळ्यात जास्त वाईट त्या मुलीचंच वाटतंय, कॅसिनोचं नाही. कॅसिनोला प्रत्येक डावात आपला कट असतोच, मेव्हण्याचा राग तेवढ्यापुरता मला पटतो, आपल्याकडनं चोर्ला घाट उतरून गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जाऊन आलेले कुणीही हे सांगतील.

कोर्टाचं म्हणाल तर तीन पायऱ्या चढून तिन्हीकडं तो हरला, शेवटी २५ ऑक्टोबर २०१७ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात पाचही न्यायाधीशांचं एकमत. गंमत नाही, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की आपण चीटिंग करत नाही असं आयव्हीला मनापासून वाटत होतं, हे कोर्टानं मान्य केलं. त्यानं काय केलं ते कोर्टात लपवलंही नव्हतं. पण चीटिंग झालं का हे खेळणाऱ्याला काय वाटतं त्यावर ठरत नाही, पान कुणालाच माहीत नसणं हाच ज्या खेळाचा पाया त्यात कॅट लावून घेणं म्हणजे चीटिंगच, असं कोर्ट म्हणालं. ह्याच निकालात फौजदारी खटल्यांतली अप्रामाणिकपणाची १९८२ पासूनची कसोटीही बदलली. तेव्हा बाबांना सांगा, चोर हा शब्द कोर्टानं वापरला नाही, आणि मेव्हण्याला सांगा, पैसे बुडवले असंही नाही.

प्रश्न : मग त्याची पोकरची बक्षिसं काढून घेतली काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. उलट त्याच २०१७ मध्ये तो पोकर हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि २०२४ मध्ये पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये अकरावं ब्रेसलेट, म्हणजे तिथलं विजेत्याचं मानचिन्ह, जिंकला. पोकरमधली ती बक्षिसं ह्या भानगडीतली नव्हेत, म्हणून मला तरी ते योग्य वाटतं. पण झळ लागलीच. अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत २०१२ मध्येच त्यानं हीच युक्ती केली होती, तिथं कोर्टानं फसवणूक म्हटलं नाही, करार मोडला म्हटलं आणि १ कोटी डॉलरच्या वर परत करायला लावले. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ५०,००० डॉलर एन्ट्रीच्या स्पर्धेत तो आठवा आला, ते बक्षीस त्याच्या हातात पडायच्या आधीच बोर्गाटासाठी जप्त झालं. २०२० मध्ये दोघांनी आपसात मिटवलं.