तमाशा शब्द नक्की कुठला?

तमाशा हा शब्द संस्कृत तम + आशा असा फोडता येईल का, आणि तुमचा मल्याळी मित्र तमाशा म्हणजे विनोद म्हणतो ते बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. ती फोड सोडून द्या, संस्कृतशी याचा काही संबंध नाही. शब्द मूळचा अरबी, म-श-य या धातूत चालण्याचा अर्थ आहे आणि त्यावरून तमाशी म्हणजे बरोबरीने चालणं. फारसीत जाताना शेवटच्या ई चा आ झाला. हे एकट्या तमाशाचं नाही, तमन्नीचं तमन्ना नि तकाझीचं तकाझा असंच झालंय (आपला उधारीचा तगादा तो हाच बरं का).

फारसीत आधी मौजेने हिंडणं, मग हिंडता हिंडता बघणं आणि हळूहळू हिंडणं गळून नुसतं बघणंच उरलं. आज इराणमधे कोणी शांतपणे सोफ्यावर बसून टीव्ही बघत असला तरी तो तमाशाच करतोय, आणि स्टेडियममधला प्रेक्षक म्हणजे तमाशागर.

तिथून ज्याने त्याने सोयीने उचलला. उझबेक तोमोशा म्हणजे बघण्याजोगा कार्यक्रम, जॉर्जियन तमाशी म्हणजे चक्क खेळ, अगदी फुटबॉलसुद्धा. इंडोनेशियात तमास्या म्हणजे सहल, म्हणजे तिथे हिंडणं शिल्लक आहे अजून. स्वाहिलीत तमाशा म्हणजे महोत्सव, झांझिबारच्या फिल्म फेस्टिव्हलचं स्वाहिली नाव आहे तमाशा ला न्ची झा जहाझी, जहाजांच्या देशांचा महोत्सव, पाचातले दोन शब्द तर आपल्याला न शिकवताच कळतात! इंग्रजीतही गेलाय पण ते असो.

तुमच्या मल्याळी मित्राचं बरोबर आहे, त्यांच्याकडे तमाशा म्हणजे विनोद, कन्नडातही तमाशे म्हणजे गंमतच. उगाच भांडू नका त्याच्याशी.

आता मराठी. 'लोकांसमोर तमाशा नको' यातला अर्थ फडाच्या बदनामीतून आला असं बरेच जण ठोकून देतात, मला नाही पटत, कारण हिंदी-उर्दूतही तमाशा करणं असंच वापरतात आणि तिथे कुठे गण-गवळण नि वग होता? मला विचाराल तर खरी मजा 'तमासगीर' मधे आहे. अपघात झाला की मदत न करता नुसते बघत उभे राहतात ते तमासगीर आणि फडात नाचणारे, गाणारे, सोंगाड्या तेही तमासगीर. फारसीतल्या बघण्याच्या हिशोबाने पहिलेच खरे, दुसरा अर्थ मराठी मुलखात फड उभे राहिल्यावरच येणार ना.