पोराला स्ट्रायकरचा लेफ्ट बॅक केलंय, क्लब बदलू का?

प्रश्न : मुलगा 13 वर्षांचा, परभणीत एका क्लबकडून फुटबॉल खेळतो. जुने सर होते तेव्हा साधं होतं, मागून लांब बॉल मारायचा आणि पुढच्यानं पळायचं, आमचं पोरगं पळण्यात वाघ त्यामुळं गोलही भरपूर व्हायचे. यंदा कमिटी बदलली, नवीन कोच आले, आता गोलकीपरपासूनच शॉर्ट पास, आणि याला केलंय लेफ्ट बॅक, म्हणजे मागं डाव्या बाजूला गोल अडवायला. पोरं मॅचमागं मॅच हरायलेत. बाकीचे पालक क्लब बदलू म्हणायलेत. काय करावं?
– एक पालक, परभणी

उत्तर : निदान हा सीझन तरी थांबा. या वयात लांब बॉलवर गोल होतात कारण एखादं पोरगं बाकीच्यांच्या आधी वाढलेलं असतं, सोळा-सतराव्या वर्षी बाकीची पोरं अंगानं भरली की ते गोल आटतात, आणि तोवर बॉल पायात ठेवून मान वर करून बघायचं शिकणं राहून गेलेलं असतं.

स्पेनच्या बार्सिलोना क्लबचं बघा. योहान क्रॉयफ 1988 ला कोच म्हणून आले आणि त्यांनी खालच्या वयोगटांनाही सीनियर टीमसारखंच खेळायला लावलं, सरावात रोंडो, म्हणजे पोरं रिंगण करून उभी राहून पास फिरवणार आणि मधल्या एक-दोघांनी बॉल हिसकवायचा. पहिले दोन सीझन स्पेनची लीग रिअल माद्रिदनंच नेली, मग 1991 पासून सलग चार वेळा बार्सिलोनानं. त्यांच्या ला मासिया अकॅडमीचं खरं फळ तर त्याच्याही कितीतरी नंतर दिसलं, 2010 च्या बॅलन डी'ओरचे, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचे, पहिले तिघं मेस्सी, इनिएस्ता, झावी, तिघंही तिथलेच. मधे कोच कितीतरी आले-गेले पण खालची शिकवण टिकली. म्हणून मला खरी काळजी तुमच्या कमिटीची वाटते. हे कोच उद्या गेले तर परत लांब बॉल का? मग फरपट पोरांची होते, हे पालकांनी कमिटीला तोंडावर विचारायलाच पाहिजे.

कोचनाही एक सांगणं आहे. 2019 पासून गोलकिक, म्हणजे गोलजवळून खेळ परत सुरू करायची किक, पेनल्टी एरियाच्या (गोलपुढच्या मोठ्या चौकटीच्या) आतच आपल्या बॅकला देता येते, त्यामुळं टीव्हीवरच्या मोठ्या टीम मागून खेळ रचतात, पण त्या हिरव्यागार गवतावर. आपल्याकडं मुरमाचं ग्राउंड, सरळ येणारा बॉल खड्यावर आपटून गुडघ्याएवढा उडतो, अशात 13 वर्षांच्या गोलकीपरनं अंगावर दोघं धावून येत असताना पण शॉर्टच द्यायचा म्हणणं चूक आहे. अडचणीत लांब मारायची मोकळीक त्या लेकराला हवीच.

एकदा सरावाला जाऊन नुसतं उभं राहा. प्रत्येक पोराच्या पायाला बॉल लागतोय का, चार-चारच्या छोट्या मॅच होतायत का, की लाईन लावून नंबरची वाट बघणं चाललंय? पास चुकल्यावर कोच थांबवून दाखवतात का ओरडतात? नुसता ओरडा असेल तर मात्र खुशाल क्लब बदला.

लेफ्ट बॅकचं मनाला लावून घेऊ नका. गॅरेथ बेल साउथहॅम्प्टनला लेफ्ट बॅकच होता, पुढं जाऊन रिअल माद्रिदचा विंगर, म्हणजे कडेनं हल्ला चढवणारा खेळाडू झाला. मागून अख्खं ग्राउंड समोर दिसतं, तुमच्या पळणाऱ्या पोराला ते कामाचंच आहे. फक्त ही जागा कायमची का शिकण्यापुरती, एवढं कोचना विचारा, मॅच हरल्याच्या दिवशी नको, सरावानंतर, आणि पोरगं समोर नसताना.